औषध न दिलेली बशी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तळहाताएवढी, चपटी, पारदर्शक प्लास्टिकची एक बाटली आहे. ती उभी नाही, आडवी ठेवलेली आहे. आत गुलाबी पाणी, तेही जेमतेम तळ झाकेल इतकंच. नुसत्या डोळ्यांनी पाहिलंत तर म्हणाल, कुणीतरी रंगाचा कुंचला धुऊन पाणी तसंच ठेवलंय. पण तीच बाटली भिंगाखाली धरा. तळाशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या अशा शेकडो पेशी एकमेकींना खेटून पडलेल्या दिसतील, मधल्या सुट्टीत पटांगणात लोळणाऱ्या पोरांसारख्या.

आता आणखी थोडी कल्पना करा. त्या पेशी तुमच्या आहेत. दंडाच्या आतल्या बाजूची तिळाएवढी कातडी कुणीतरी अलगद काढून नेली आणि तिच्यापासून त्या वाढवल्या. तुम्ही इथे गृहपाठ चुकवत बसला आहात, आणि तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका उबदार कपाटात, तुमचाच एक चिमुकला भाग खाऊनपिऊन मजेत वाढतो आहे. कसं वाटेल?

भिंगरीला भारी वाटायचं. भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. ते तिच्या मोठ्या भावानं, दादानं ठेवलं होतं, कारण ही पोरगी एका जागी बसेल तर शपथ. शाळेत ती ऐटीत सांगायची, "मी एकाच वेळी दोन ठिकाणी असते." मैत्रिणी म्हणायच्या, "मग गणिताच्या तासाला दुसरीला पाठव की."

त्याच कपाटात, तिच्या बाटलीशेजारी, दादाची बाटली होती. खरं तर सगळा खटाटोप त्याच बाटलीसाठी चालला होता.

दादाला एक आजार होता. तो कुणाकडून लागलेला नव्हता, जन्मापासूनच त्याच्यात होता. आपल्या प्रत्येक पेशीत रोज थोडा कचरा तयार होतो आणि पेशी तो कापून, मोडून संपवते. दादाच्या पेशींमधली ही कात्री बोथट होती. कचरा मोडायचा नाही, साठत जायचा. लहानपणी काही कळलं नाही. मग तो पळताना मागे पडायला लागला, मग जिना चढताना कठडा धरायला लागला, आणि आता पंधराव्या वर्षी तो घरातसुद्धा भिंतीला हात लावत चालायचा. भिंतीवर कंबरेच्या उंचीवर त्याच्या तळहातांचा एक मळकट पट्टा उमटला होता. आई तो पुसायची नाही. का, ते कुणी विचारायचं नाही.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, एका प्रयोगशाळेत काम करायची. हा आजार का होतो, त्यावर काय चालेल, हेच तिथे शोधत होते. एक नवं औषध आलं होतं. बोथट कात्रीला ते थोडी धार लावतं, असा अंदाज होता. पण औषध साधं नव्हतं. त्यानं डोळ्यांची नजर कायमची अधू होऊ शकत होती, यकृताला इजा होऊ शकत होती. म्हणून दादाच्या डॉक्टरांनी अट घातली होती: आधी बशीतल्या पेशींवर गुण दिसू दे, मग पोराच्या अंगात घालू. दादाच्या पेशी आजारी, भिंगरीच्या निरोगी, म्हणून ताडून बघायला दोघांच्या घेतल्या.

आणि गुण दिसला होता. एक रंग घातला की हा कचरा अंधारात पिवळा चमकतो. काही महिन्यांपूर्वीच्या फोटोत दादाच्या पेशी पिवळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेल्या होत्या. औषध दिल्यावर त्याच पेशी काळ्याभोर, स्वच्छ. आत्यानं तो फोटो घरी आणून दाखवला तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली, म्हणजे रडणं ऐकू येऊ नये. डॉक्टर दादाला म्हणाले, "त्रास होईल बरं का, पण तुझ्या पेशींनी होकार दिलाय." येत्या सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचं आणि औषध सुरू करायचं, असं ठरलं.

त्याआधीचा हा शनिवार. सकाळची शाळा आटोपून भिंगरी आत्याबरोबर प्रयोगशाळेत आली होती. तिला अधूनमधून तशी परवानगी मिळायची. अट एकच, हात खिशात. आत्याच्या वरिष्ठ बाई बाहेरगावी परिषदेला गेल्या होत्या आणि बुधवारी परतणार होत्या. जाताना त्या आत्याला सांगून गेल्या होत्या, "आपण आतापर्यंत जुन्या फोटोंशी तुलना केली. सोमवारच्या आत एकदा नीट करून टाक. औषध दिलेल्या बशा आणि न दिलेल्या बशा, शेजारी शेजारी, एकाच दिवशी."

सूक्ष्मदर्शकाची खोली अंधारी होती. आत्यानं गोल झाकणांच्या बशा ओळीनं मांडल्या.

"यात कोण आहे?" भिंगरीनं विचारलं.

"दादा."

"आणि यात?"

"यातही दादाच. पण याला औषध दिलेलं नाही."

"अरेरे, बिचारा. त्याला उपाशी ठेवलंस?"

"उपाशी कसला. खाऊ दोघांना सारखाच." पेशी ज्या गुलाबी पाण्यात वाढतात त्याला आत्या खाऊ म्हणायची. "हा आपला साक्षीदार आहे. असं बघ, तुला सर्दी झाली. मी तुला दोन दिवस उलटं टांगलं. सर्दी गेली. मग उलटं टांगल्यानं गेली का?"

"नाही. वैतागून गेली."

"ते कसं कळणार? त्यासाठी तुझ्यासारखीच शेंबडी, पण सरळ उभी असलेली दुसरी भिंगरी हवी. तिची सर्दी तशीच राहिली, तर म्हणायचं टांगण्याचा गुण."

"आणि तिचीही गेली तर?"

"तर मी तुला उगाच टांगलं," आत्या म्हणाली आणि हसली. भिंगरीला ते हसू पुढे बरेच दिवस आठवत राहिलं, कारण त्यानंतर बराच काळ आत्या तशी हसली नाही.

पहिली बशी औषधाची. आत्यानं पाहिलं, मग भिंगरीला बघू दिलं. काळोख. पेशींच्या कडा धूसर निळ्या, पिवळं काही नाही.

"मस्त," भिंगरी म्हणाली.

दुसरी बशी औषध न दिलेली. आत्यानं डोळा लावला. मग स्क्रू फिरवला. मग पुन्हा उलटा फिरवला. भिंगरी वाट बघून कंटाळली आणि मधेच डोकं घालून तिनं पाहिलं.

"आत्या, यातही पिवळं नाहीये." तिला मनापासून आनंद झाला. "म्हणजे दादा औषधाशिवायच बरा झाला?"

आत्यानं तिसरी बशी ठेवली, चौथी ठेवली. बशांवरची अक्षरं टॉर्चच्या उजेडात पुन्हा वाचली. मग दिवाच बिघडला असेल म्हणून दुसऱ्या एका आजारी माणसाच्या पेशींची बशी आणून खाली धरली. ती चांगली लखलखली, पिवळीजर्द. दिवा ठीक होता. रंगही ठीक होता.

"लाइट लाव गं," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त फार सावकाश.

उजेडात आत्या स्टुलावर बसली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे तरी असावेत. भिंगरीला वाटलं, आता आपण गप्प बसावं. पण गप्प बसणं तिला कधी जमलं होतं?

"आत्या, काय झालं?"

मोठी माणसं अशा वेळी "काही नाही" म्हणतात. आत्याची ती सवय नव्हती. मुलांना खोटं सांगितलं की ती त्याहून वाईट काहीतरी स्वतःच रचतात, असं तिचं मत होतं.

"औषध न देता या आजाराचा कचरा जात नाही," ती म्हणाली. "कुणाचाच जात नाही. म्हणून मला वाटतं, या दादाच्या पेशी नाहीत."

"मग कुणाच्या?"

आत्यानं तिच्याकडे बघितलं.

"माझ्या?" भिंगरी म्हणाली.

इथे तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. पेशी वाढवणाऱ्यांचा एक कडक नियम असतो: एका माणसाच्या पेशी, एक खाऊची बाटली. दोन माणसांच्या पेशींना एकाच बाटलीतला खाऊ घालायचा नाही. का? तर खाऊ घालायला एक लांब नळी वापरतात. तिचं टोक चुकून एकाच्या पेशींना लागलं आणि तेच टोक पुन्हा खाऊच्या बाटलीत बुडालं, की दोन-चार पेशी त्यात उतरतात. दिसत नाहीत. त्या बाटलीतला खाऊ दुसऱ्याला घातला की त्या तिकडे पोचतात आणि तिथे घर करतात.

मागे हिवाळ्यात खाऊचा माल वाटेत अडकला होता. एकच बाटली उरली होती. इतर कुणाच्या पेशी असत्या तर आत्यानं त्या दिवशी काम थांबवलं असतं. पण ही दोघं तिच्या भावाची पोरं. दादाच्या पेशी आधीच मरतुकड्या, एक दिवस उपाशी राहिल्या तर टिकतील का, या धास्तीनं तिनं त्या एकाच बाटलीतून दोघांना वाढलं. तिच्या मनात आलं होतं, एका घरातली तर आहेत, एका भांड्यातलं खाल्लं तर काय बिघडलं. परक्यांच्या बाबतीत जी चूक तिच्या हातून जन्मात झाली नसती, ती मायेनं झाली.

"म्हणजे माझ्या पेशींनी दादाच्या खाल्ल्या?" भिंगरीनं विचारलं.

"खाल्ल्या नाहीत. तुझ्या धडधाकट, भराभर वाढतात. त्याच्या हळू. तुझ्या पेशींनी जागा घेतली, एवढंच."

आत्याला वाटलं, आपण समजूत घातली. भिंगरीला मात्र 'जागा घेतली' हे 'खाल्ल्या'पेक्षाही वाईट वाटलं. खाणं निदान भुकेपोटी असतं.

"मी उद्यापर्यंत खात्री करते," आत्या म्हणाली. "मुलग्यांच्या पेशीत वाय नावाचं एक छोटं गुणसूत्र असतं. मुलींच्या नसतं. ते आहे की नाही, तेवढंच बघायचंय. तोवर घरी काही बोलू नकोस. जमेल?"

"जमेल," भिंगरी म्हणाली, आणि खिशातले हात आणखी खोल घातले.

त्या दिवशी घरात कशी गडबड होती, काय सांगू. आई दवाखान्याची पिशवी भरत होती आणि जे भरलं ते दर थोड्या वेळानं काढून पुन्हा भरत होती. बाबा दादाच्या पलंगाचा कुरकुरणारा पाय दुरुस्त करत होते, जणू आजवर पायाचाच काय तो दोष होता. आणि दादा, जो गेलं वर्षभर एका शब्दाचं उत्तर द्यायचा, तो चक्क गाणं गुणगुणत होता. बेसूर.

"काय गं भिंगरे, आज किल्ली संपली का तुझी?" त्यानं विचारलं. "एका जागी बसलीयेस. आई, हिला ताप आहे का बघ."

"मला काही झालं नाही."

"तेच म्हणतो मी. झालंय मला, आणि तोंड हिचं उतरलंय." मग जरा खालच्या आवाजात तो म्हणाला, "घाबरू नको. डोळ्यांचं म्हणतात ते सगळ्यांनाच होत नाही. आणि झालंच तर तू आहेस की. मला वाचून दाखवशील. फक्त मधली पानं गाळायची नाहीत, तुझी खोड आहे ती."

भिंगरी उठून न्हाणीघरात गेली आणि दाराला आतून कडी लावून बसली. तिनं बाही वर करून दंडाच्या आतली बाजू बघितली. तिथे फिकट, गुळगुळीत, तिळाएवढा वण होता. तिला तो आजवर पदकासारखा वाटायचा. आज तिनं तो ओल्या टॉवेलनं घासघासून लाल केला.

रविवारी संध्याकाळी आत्या आली. चपला काढतानाच तिनं भिंगरीकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. भिंगरीला कळलं. दादा आपल्या खोलीत मित्राशी फोनवर बोलत होता. त्याचं खिदळणं बाहेर ऐकू येत होतं. आत्यानं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आईबाबा टेबलाशी बसले. भिंगरीला कुणी बाहेर जा म्हणालं नाही, कारण आत्या म्हणाली, "हिला माहीत आहे."

आत्यानं सगळं सांगितलं. खाऊची बाटली, नळी, हिवाळा, सगळं. काहीही गाळलं नाही, कुणावर ढकललं नाही. शेवटी म्हणाली, "त्या बाटलीत वाय जवळजवळ सापडतच नाही. आहेत त्या भिंगरीच्या पेशी आहेत. औषधानं काहीच केलं नव्हतं. करायला तिथे आजारच नव्हता."

आई पुटपुटल्यासारखं म्हणाली, "ताई, तुमच्या हातून?"

"हो, माझ्याच हातून."

"पहिल्यापासूनच्या थोड्या ठेवल्या असतील ना कुठे? गोठवून?"

"ठेवल्या होत्या. काल वितळवल्या. जगल्या नाहीत. आजारी पेशींना ते सोसत नाही. नवी कातडी घ्यावी लागेल, पुन्हा वाढवाव्या लागतील. चार-पाच महिने तरी जातील."

बाबा इतका वेळ टेबलावरचा एक डाग नखानं खरवडत होते. ते मान वर न करता म्हणाले, "तुझ्या बाईंना सांगितलंस?"

"त्या बुधवारी येतायत."

"आणि डॉक्टरांना?"

"आधी तुमच्याकडे आले. आता करते त्यांना फोन."

"नको करूस."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "बाळ्या, काय बोलतोयस तू?" घरात एवढ्या मोठ्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती एकटीच होती.

"नीट ऐक माझं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि भिंगरीला त्याचीच भीती वाटली. "औषध वाईट आहे असं तर निघालं नाही ना? नाही निघालं. लागू पडेलही कदाचित. तू आज फोन केलास की उद्याचं रद्द. मग पाच महिने पेशी वाढवा, मग कागद, मग परवानगी. पाच महिन्यांपूर्वी तो जिना चढत होता, ताई. आठवतंय? उद्या सुरू होऊ दे. एकदा सुरू झालं की सहसा थांबवत नाहीत. बुधवारी बाई आल्या की सांग काय सांगायचं ते. तीनच तर दिवस मागतोय."

"आणि त्याचे डोळे गेले तर?"

"पाय तर जातायतच."

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. "मला काही कळत नाही," ती म्हणाली. "मला काही विचारू नका."

आत्याला नाही म्हणायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण समोर बसलेल्या माणसाचं नाक तिनं लहानपणी पुसलं होतं, आणि चूक तिची होती. चूक केलेल्या माणसाला ताठ आवाजात बोलता येत नाही. "बुधवारपर्यंत," ती शेवटी म्हणाली, पण ते 'हो' होतं की प्रश्न होता, ते तिचं तिलाही कळलं नसावं.

भिंगरीनं एकेकाकडे पाहिलं. तिघंही दादाबद्दलच बोलत होती. त्याचे पाय, त्याचे डोळे, त्याचे महिने. आणि तो पलीकडच्या खोलीत खिदळत होता. त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं. तिला एकदम वाटलं, आपण त्याची जागा एकदा घेतलीच आहे, न कळत. आता सगळे मिळून पुन्हा घेतायत, कळून सवरून.

ती दार उघडून बाहेर आली. कुणी अडवलं नाही. पाणी प्यायला जात असेल, असं वाटलं असेल.

दादा फोन ठेवतच होता. "काय गं?"

"दादा, तुला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस, नाहीतर मला सांगता येणार नाही."

"बरं, नाही बोलत."

तिनं सांगितलं. तिला आत्यासारखं सांगता आलं नाही. नळी आधी आली, मग हिवाळा, मग उलटं टांगलेली सर्दी, मग पुन्हा नळी. पण दादा हुशार होता आणि आपल्या आजाराबद्दल त्यानं सगळ्या घरापेक्षा जास्त वाचलं होतं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे तो काळा फोटो," तो म्हणाला, "तो तुझा होता."

"हो."

"मी मित्रांना पाठवला तो. माझ्या पेशी म्हणून."

"हो."

"औषध चालत नाही, असं निघालं?"

भिंगरीनं विचार केला. इथे चुकीचं काही सांगून चालणार नव्हतं. "नाही. चालतं असंही नाही, चालत नाही असंही नाही. तुझ्या पेशींना अजून कुणी विचारलंच नाहीये."

दादा भिंतीकडे तोंड करून पडला. मग तो तसाच भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला, "जा इथून."

"दादा, मी मुद्दाम नाही—"

"माहितीये. पेशी काय मुद्दाम वाढतात होय? ताटातलं पळवतेस ते मुद्दाम. आता जा."

ती बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली. आतून रडण्याचा आवाज आला नाही. स्वयंपाकघरात बाबा हळू आवाजात पुन्हा तेच समजावत होते. मग पलंग हलल्याचा आवाज झाला. दार उघडलं. दादा एक हात भिंतीला लावून बाहेर आला. तिनं हात पुढे केला, त्यानं धरला नाही. ती त्याच्या शेजारून, त्याच्याइतक्याच सावकाश चालत गेली.

स्वयंपाकघरात तो दारातच उभा राहिला. बाबांनी त्याला पाहिलं, मग भिंगरीला पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"तुला कुणी सांगायला सांगितलं होतं?" ते भिंगरीला म्हणाले.

"तिला ओरडू नका," दादा म्हणाला. "बाबा, उद्या डॉक्टर मला परत विचारणार, सगळं समजलं ना, सही कर. मी काय सांगू? समजलं म्हणू?"

"अरे, मी तुझ्यासाठीच—"

"ते ठाऊक आहे मला. मला औषध हवंय. तुमच्यापेक्षा जास्त हवंय." "आंधळा झालो तरी चालेल असंही वाटतं कधी कधी. पण मग ते मी ठरवीन, खरं काय ते कळल्यावर. डॉक्टरांनाही खरं कळल्यावर. त्यांनी तरीही देतो म्हटलं तर मी घेईन. नाही म्हटलं तर पुन्हा कातडी काढू दे. आत्या, पुन्हा काढताना तितकंच दुखतं का?"

"तितकंच," आत्या म्हणाली.

"निदान खोटं तरी सांगत जा कधी," दादा म्हणाला. "लाव फोन."

बाबा उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. आई उठून दादाला खुर्ची देऊ लागली, तो बसला नाही. आत्यानं फोन लावला. पलीकडे घंटा वाजत होती, ती सगळ्यांना ऐकू येत होती. मग डॉक्टरांचा आवाज आला, जेवता जेवता उठल्यासारखा: "बोला, बोला. उद्याची तयारी झाली ना?"

आत्यानं एकदा बाबांच्या पाठीकडे पाहिलं, एकदा दादाकडे. डॉक्टर पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होते.

तेव्हा भिंगरी टेबलाला वळसा घालून आली, तिनं आत्याच्या मांडीला गुडघा टेकवून फोनजवळ तोंड नेलं आणि ती वर्गात उभं राहून बोलावं तसं खणखणीत म्हणाली, "डॉक्टर, मी दादाची बहीण बोलतेय. त्याच्या बाटलीत माझ्याच पेशी निघाल्यात. आत्या सगळं सांगतेय, तुम्ही ऐका." आणि तिनं आत्याचा हात घट्ट धरून ठेवला.